वरच्या खळग्यातले बी

मी एक जुने वाण आहे. वाण म्हणजे एखादे झाड नव्हे, मित्रांनो. झाड एका पावसाळ्यात संपते. त्याच्या बीतून पुढच्या झाडात जे जाते, म्हणजे उंची, सरळपणा, सालीची चमक, दोन पेरांमधले अंतर, ते सगळे मिळून मी. दर वर्षी मला कापतात आणि दर वर्षी मी उगवते. मधल्या काळात माझा मुक्काम चुलीवर टांगलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात असतो. तिथे धूर लागतो, म्हणून कीड लागत नाही.

मी भांगेचे वाण आहे. हसू नका. नशेशी माझा काही संबंध नाही. माझी साल सोलतात, तिचे सूत जोडतात आणि त्याचे कापड विणतात. उत्तर व्हिएतनामच्या दगडी पठारावरचे मोंग लोक त्याच कापडात जगतात. मरणाच्या वाटेवर तर त्यांना दुसरे काही चालतच नाही. अंगावर भांगेचे कापड नसले तर पलीकडचे पूर्वज विचारतात, "तू कोण?" आणि तोंड फिरवतात.

मला कुणा एकाने घडवले नाही. एका आईने निवडले, मग तिच्या मुलीने, मग त्या मुलीच्या मुलीने. निवडणे हा शब्द तुम्हाला गोड वाटत असेल. मी तो आतून पाहिला आहे. निवडणे म्हणजे बहुतेकांना नको म्हणणे. मला इतके दाट पेरतात की दोन रोपांमध्ये कोंबडीचे पाऊल मावू नये. फांदी फुटायला जागाच नसते. जो वर गेला त्याला ऊन मिळते. जो मागे राहिला तो शेजाऱ्याच्या सावलीत पिवळा पडून मरतो. उरलेल्यांतून सगळ्यांत उंच आणि सरळ अशा काही माद्यांना लाल दोरा बांधून बियाण्यासाठी उभे ठेवतात आणि बाकीच्यांवर विळा फिरतो. माझी उंची अशी मेलेल्यांच्या खांद्यावर चढून आली आहे.

माझ्यात नर वेगळे आणि माद्या वेगळ्या. नराला बारीक फुले येतात, त्यांतून पिवळी भुकटी उडते आणि थोड्या दिवसांत तो वाळून जातो. दाणा मादीला येतो. नराला दाणा येत नाही म्हणून इथल्या बायका त्याला वांझ म्हणतात. ती भुकटी कुठे जाते, हे कुणी विचारले नाही. भुकटी उडून गेली की साल सहज सुटते, म्हणून नर नेहमी त्यानंतरच कापत आले. त्यामुळे दर वर्षी दाणा भरत राहिला आणि चूक झाकली गेली.

सुंग कुळातल्या काइंग नावाच्या बाईच्या घरी माझे सगळ्यांत चांगले दिवस गेले. ती हाडाने बारीक आणि नजरेने कठोर होती. बाजारात तिने कापड उलगडले की बायका ते गालाला लावून बघत. "काइंगबाई, मूठभर बी द्या की," असे म्हणणाऱ्या बायकांना तिने कधी नाही म्हटले नाही. ती आत जायची, मूठभर दाणे कढत पाण्यात बुडवायची, वाळवायची आणि हसत पुडीत बांधून द्यायची. त्या बायका पेरायच्या, वाट बघायच्या आणि आपल्याच जमिनीला दोष द्यायच्या. कढत पाण्यात मेलेले ते दाणे माझेच होते. काइंगची कीर्ती वाढली तशी माझीही वाढली.

तिचा मुलगा तेंग. त्याचे लग्न झाले आणि खालच्या खोऱ्यातून शूआ नावाची सून घरात आली. या भागात नवी सून माहेरचे बी थैलीत घालून आणते. सासू ते हातावर घेते, दातांनी फोडून बघते आणि मुलीची किंमत तिथल्या तिथे ठरवते. शूआने थैली पुढे केली तेव्हा शेजारच्या बायका चुलीभोवती बसल्या होत्या.

"हे काय आणलंस गं?" काइंगने दाणे चाळवले. "कोंबड्यांचा चारा?"

"आमच्याकडे हेच पेरतात, आई. झाड बुटकं असतं, फांद्या फार फुटतात. पण दोर तुटत नाही."

"दोर! बकऱ्या बांधायला आलीस का माझ्या घरी?"

बायका हसल्या. शूआही हसली, कारण नव्या सुनेने हसायचे असते. तिचा अंगठा मला तेव्हाच दिसला. तो मागे वळायचा, पार मनगटाकडे. सूत जोडताना असा अंगठा फार कामाचा असतो.

"फेकू नकोस हो," काइंग म्हणाली. "वरच्या खळग्यात पेर. बाजारची वाट तिथनंच जाते. सुंगांकडे कसली सून आलीय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बघू दे."

दगडांच्या मधल्या त्या मातीच्या वाटीत शूआने आपल्या आईचे बी पेरले. खाली काइंगच्या शेतात मी होते. बाकीच्यांची शेते खिंडीपलीकडे, आणि पावसाळ्यात इथला वारा वरून खाली येतो. एवढे लक्षात ठेवा.

त्या वर्षी काइंगने आपले मरणाचे लुगडे विणायला घेतले. तिला ते गावात कुणाचे नसेल इतके मऊ हवे होते. सगळ्यांत मऊ साल न फुललेल्या नराची असते. कळ्या दिसल्या आणि फुलायच्या आत तिने माझा एकूण एक नर कापला.

शेजारची नोऊमावशी बांधावर उभी होती. ती म्हणाली, "इतक्या लवकर गं? आजवर तर कुणी कापला नाही असा."

"वांझ तो वांझ. आज कापला काय आणि उद्या कापला काय!"

माझ्या माद्या लाल दोरे बांधून उभ्या राहिल्या. मग वारा आला आणि वरच्या खळग्यातल्या बुटक्या नरांची भुकटी घेऊन आला. माझ्यापुढे दुसरे काही नव्हते. मी ती घेतली. दाणा इतका टपोरा भरला की काइंगने तुंबा हलवून आवाज सगळ्यांना ऐकवला.

"बघा! शेतात एक नर नव्हता, तरी दाणा कसा भरलाय! सगळं आईचंच असतं, बायांनो. बी म्हणजे आई."

हिवाळ्यात शूआला मुलगी झाली. तिचे नाव पाकू ठेवले. पाळण्यात तिने मूठ उघडली तेव्हा अंगठा मागे वळला. काइंगने बांबूची एक चपटी काडी घेतली, माझ्याच सुताने अंगठा तिला करकचून बांधला आणि म्हणाली, "कोवळा आहे तोवर सरळ होईल." पोर रात्रभर रडत होती. सकाळी शूआने सूत सोडले. संध्याकाळी काइंगने ते पुन्हा बांधले. असे पुष्कळ दिवस चालले. अंगठा काही सरळ झाला नाही.

पुढच्या पेरणीला मी उगवले आणि मलाच माझी ओळख पटेना. मी बुटके होते. दाटीतही मला फांद्या फुटल्या होत्या. फांदी फुटते तिथे साल तुटते, आणि तुटलेल्या सालीचे सूत गाठींचे होते. काइंग शेतात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात एक फांद्यांचे रोप होते. अंगणात शूआ मुलीला पाजत होती. काइंगने ते रोप तिच्या पायाशी टाकले.

"तुंब्यातलं बी बदललंस."

"मी तुंब्याला हातसुद्धा लावला नाही, आई."

"मग तुझ्या आईचं झुडूप माझ्या शेतात चालत आलं?"

नोऊमावशी कुंपणापलीकडून म्हणाली, "अगं, वरच्या खळग्यात तिचंच होतं ना? तिकडचे नर फुलले होते. माझ्या ओढणीवर पिवळं पिवळं पडलेलं."

"नर?" काइंग हसली. "वांझाचं कुणाला काय लागतं, मावशी? तुझा नवरा वीस वर्षं अंगणात बसून होता. लागलं का तुझ्या पोरांना काही?"

बाकीच्या बायका खो खो हसल्या. नोऊमावशी ओशाळून आत गेली. सत्य त्या कुंपणापर्यंत आले होते, मित्रांनो. एका थट्टेने ते परत गेले.

कुळातली वडील माणसे चुलीभोवती जमली. काइंगने जुना सरळ देठ आणि नवा फांद्यांचा देठ शेजारी शेजारी ठेवले. तेंग मक्याच्या दारूचा पेला धरून कोपऱ्यात बसला होता.

"आई," तो म्हणाला, "सुताच्या गाठीवरून बायको हाकलतात का?"

"बी निवडायला तुझा बाप कधी आला नाही. तूही मध्ये पडू नकोस."

त्याने पेला रिकामा केला. त्याच्याकडून एवढेच झाले.

तेंगचे थोरले काका कुळात सगळ्यांत न्यायी समजले जात. त्यांनी दोन्ही देठ हाताळले. बी बदलताना कुणी पाहिले नव्हते, तेव्हा प्रश्न सुनेच्या पायगुणाचा, असे म्हणून त्यांनी निकाल दिला. शूआने पुढच्या पिकापर्यंत माहेरी राहायचे. ती नसताना पेरलेले पीकही असेच आले, तर दोष तिचा नाही. तिने परत यायचे आणि कुणी तिला काही बोलायचे नाही. पीक सरळ आले, तर दोष तिचाच.

"आणि पाकू?" शूआने विचारले.

"पोर कुळाची. कूळ बापाचं असतं. ती इथेच राहील."

काका हे अगदी शांतपणे म्हणाले. कूळ मोजायचे ते बापाकडून आणि खोट निघाली की शोधायची ती आईत. या दोन गोष्टी एकाच तोंडातून निघाल्या आणि चुलीभोवती कुणालाही त्या एकमेकींना आडव्या गेल्यासारखे वाटले नाही.

शूआ गेली तेव्हा मूल अंगावर पीत होते. वाटेवर तिच्या चोळीवर दुधाचे डाग पसरत गेले. पण ती रडत नव्हती. खिंडीपाशी तिने नोऊमावशीला सांगितले, "मी काही केलेलं नाही, मावशी. पीक तसंच येईल. एका वर्षाचा तर प्रश्न आहे."

इथे मला थांबावेसे वाटते. कारण पीक कसे येणार हे त्या पठारावर फक्त मला ठाऊक होते.

दोन वाणे एकत्र आली की पहिल्या पिढीत एकाचा गुण वर बसतो आणि दुसऱ्याचा आत लपतो. लपतो, मरत नाही. पुढच्या पिढीत तो पुन्हा डोके वर काढतो, साधारण चारांत एका रोपात. मी कितीही ठरवले असते तरी ते थांबवू शकले नसते. मी पुन्हा बुटके, फांद्यांचे उगवले असते, तर एक आई आपल्या मुलीकडे परतली असती. पण चारांत एक देठ सरळ येणारच होता. ज्या गुणासाठी गावाने माझी स्तुती केली, तोच गुण तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला आत दबून बसला होता.

काइंगने त्या फांद्यांच्या पिकातले बी धरले, कारण तिच्याकडे दुसरे नव्हते. वसंतात ते पेरले. मी उगवले. चारांत एक रोप वर गेले, काठीसारखे. उरलेली तिन्ही खाली पसरली आणि उंचांच्या सावलीत दडली.

ठरल्या दिवशी थोरले काका आले. गावही आले. शूआ पहाटेच निघून आली होती. पाकूसाठी तिने एक टोपी भरतकाम करून आणली होती, आणि ती जरा मोठीच शिवली होती, कारण वर्षभरात डोके केवढे झाले असेल याचा तिला अंदाज नव्हता. पाकू काइंगच्या पाठीवर बांधलेली होती. तिने परक्या बाईकडे पाहिले आणि तोंड काइंगच्या मानेत लपवले.

काका वाटेवरच थांबले. वाटेवरून शेत बघितले की शेंडे दिसतात. शेंडे सरळ होते आणि वाऱ्यावर हलत होते.

"सरळ आहे," काका म्हणाले.

काइंग म्हणाली, "बघा. सून गेली आणि शेताचा कणा परत आला."

शूआ शेतात घुसली. गुडघ्यावर बसून तिने उंच देठ बाजूला सारले. खाली फांद्या पसरलेली बुटकी रोपे होती, दाट, हिरवी, तिच्या आईच्या शेतातल्यासारखी. ती ओरडली, "काका, इथं या! खाली बघा! अजून तसंच आहे सगळं! मी नव्हते इथं, तरी तसंच आहे. खाली तर बघा!"

काकांनी काठी टेकली. त्यांची विजार नवी होती आणि शेतात चिखल होता.

"खाली तण असतंच, पोरी," ते म्हणाले आणि वळले.

मग शूआ उठली. टोपी तिने कुंपणाच्या खांबावर ठेवली. काइंगने ती दुसऱ्या दिवशी कोंबडीच्या खुराड्यात अंथरली.

त्यानंतर या घरात दुसरी सून आली नाही. सुताच्या गाठीवरून सून हाकलणाऱ्यांना मुलगी कोण देणार? तेंग दारूतच म्हातारा झाला. काइंगने पाकूला वाढवले आणि मला पुन्हा घडवले. फांदीचा नुसता डोळा दिसला तरी रोप उपटायचे, हे तिने नातीला बोलता येण्याआधी शिकवले. पाकू हुशार होती. मागे वळणाऱ्या त्या अंगठ्याने ती रोपाची मान अशी खुडायची की आवाजही होऊ नये. काही वर्षांत माझे शेत पुन्हा काठ्यांसारखे उभे राहिले. बाजारात बायका कापड गालाला लावू लागल्या. बी मागणाऱ्यांसाठी पाणी आता पाकू तापवत असे.

मग काइंग मेली.

मऊ लुगडे तयार होते. ते तिला नेसवले. पण मेलेल्याच्या पायांत भांगेच्या चपला लागतात, कारण वाटेत सुरवंटांचा डोंगर आहे आणि तो अनवाणी ओलांडता येत नाही. त्या चपला सुनेच्याच हातच्या लागतात. लेकीनातीच्या हातच्या घातल्या तर मेलेला अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो. घरात सून नव्हती. बाहेर ढोल सुरू झाला होता आणि मेलेल्याला पूर्वजांकडची वाट गाऊन सांगणारा म्हातारा दारात खोळंबला होता.

संध्याकाळी खिंडीतून एक पांढऱ्या केसांची बाई आली. तिच्या हातात चपलांचा जोड होता, जाड, खरबरीत, पण घट्ट विणलेला. ती उंबऱ्याबाहेर थांबली. पाकू दारात आली.

"कोण पाहिजे?"

बाई पाकूच्या हाताकडे बघत होती. नोऊमावशी आता काठीच्या आधाराने चालत असे. तीच पुढे झाली.

"अगं पाकू, असं काय विचारतेस? तुझी आई आहे ती. शूआ."

"माझी आई आत निजलीय," पाकू म्हणाली.

"तिच्यासाठीच आणल्यात," शूआ हळूच म्हणाली. "माझं नातं मोडलं असेल. पण ज्या दिवशी या घरात आले त्या दिवशी सून म्हणून आले होते. दुसऱ्या कुणाच्या हातच्या चालायच्या नाहीत तिला. घाल बाळा. डोंगर ओलांडू दे तिला."

पाकूने जोड हातात घेतला. सवयीने तिने अंगठा सुतावरून फिरवला आणि अंगठा मागे वळला, पार मनगटाकडे. शूआच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले ते मी पाहिले. इतक्या वर्षांनी प्रथमच तिला पटले होते की आपले काहीतरी या घरात राहिले आहे. पाकूचा अंगठा सुतावर एका जागी थांबला. मग आणखी एका जागी.

"गाठी आहेत," पाकू म्हणाली. "हे झुडपाचं सूत आहे. आमच्या घरात चालत नाही."

"अगं, अनवाणी जाईल ती!" नोऊमावशी ओरडली. "सुरवंटांवरून!"

"अनवाणी जाईल. गाठींवरून नाही जाणार. मला तिनंच शिकवलंय."

तिने जोड परत दिला. शूआने तो घेताना दोघींचे अंगठे एकमेकांसमोर आले, अगदी एका साच्यातले. पाकूने तिकडे पाहिले नाही. तिचे लक्ष सुताकडे होते.

काइंगला अनवाणी नेले. मोंगांच्या सगळ्या पठारावर तिच्याइतके मऊ लुगडे कुणी नेसून गेले नसेल.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. आजही लोक माझे कौतुक करतात. पण एक गोष्ट पाकू कुणाला सांगत नाही. दर वर्षी, कितीही निवडले तरी, सरळ रांगांच्या मधोमध एक तरी रोप बुटके राहते आणि फांद्या पसरते. ती ते कोवळे असतानाच उपटते. वरच्या खळग्याच्या भेगांत सांडलेले दाणे अजून आपसूक उगवतात आणि वारा अजून वरूनच येतो, म्हणून पुढच्या वर्षी ते पुन्हा येते. वरच्या खळग्यातले ते बी माझ्यातून गेलेले नाही आणि जाणारही नाही.

तुमच्या हातात कधी निवडायची वेळ आली, रोपांची असो की माणसांची, तर वाटेवर उभे राहून शेंडे मोजू नका. चिखलात उतरा. खाली बघा. आणि असे एखादे रोप दिसले तर उपटण्याआधी एवढे तरी विचारा, की त्या वर्षी वारा कुठून आला होता.